वाचकांचे प्रश्न : ब्रिटिश पासपोर्ट आणि थायलंडचा मुक्काम

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे एकाच विषयावरची पत्रे सतत येत आहेत. नागपुरातून तरुणपणी इंग्लंडला गेलेले, तेथील नागरिकत्व घेतलेले आणि आता निवृत्तीनंतर तिकडची थंडी व महागाई सोडून थायलंडात राहावयास गेलेले भाऊ, काका, दीर यांच्याविषयीची ही पत्रे आहेत. बँकॉकमधील एका हिशेबतपासनीस कार्यालयात मी नोकरी केली असून तेथील बहुतेक ग्राहक ब्रिटिश निवृत्त असत, एवढ्याच आधारावर संपादकांनी ती माझ्याकडे सोपवली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत व नावे गाळली आहेत. व्हिसा आणि कर यांचे नियम वारंवार बदलतात. म्हणून प्रत्यक्ष अर्ज करण्यापूर्वी स्थानिक कार्यालयात खात्री करून घ्यावी, हे प्रत्येक उत्तरात न सांगता येथेच सांगून ठेवतो.

प्रश्न : माझे थोरले बंधू लंडनमध्ये बसचालक होते. २०१६ मध्ये त्यांना सरकारी पेन्शन सुरू झाले आणि त्याच वर्षी ते हुआ हिन येथे राहावयास गेले. इंग्लंडमधील त्यांच्या मित्रांचे पेन्शन दर एप्रिलमध्ये वाढते, दादांचे मात्र पहिल्या आकड्यावरच थांबले आहे. एखादा अर्ज करावयाचा राहिला आहे काय? ते नागपूरला परत आल्यास वाढ मिळेल काय? — एक वाचक, धरमपेठ

उत्तर : अर्ज राहिलेला नाही, आणि अर्ज करून हा प्रश्न सुटणाराही नाही. ब्रिटनचे सरकारी पेन्शन जगात कोठेही मिळते. परंतु दरवर्षीची वाढ केवळ ब्रिटनमध्ये, युरोपीय संघातील देशांत आणि ज्यांच्याशी सामाजिक सुरक्षेचा तसा करार आहे अशा काही देशांत राहणाऱ्यांनाच मिळते. थायलंडशी असा करार नाही. शेजारच्या फिलिपिन्सशी आहे, आणि अमेरिकेशीही आहे. उलट कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका येथे राहणाऱ्या ब्रिटिश वृद्धांची गत आपल्या दादांसारखीच आहे. गोठलेल्या पेन्शनवर जगणाऱ्यांची संख्या साडेचार लाखांहून अधिक आहे. हा भेदभाव आहे असा दावा घेऊन काही पेन्शनधारक युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले, पण २०१० मध्ये तेथेही निकाल त्यांच्या विरोधात लागला. त्यानंतर जे काही चालू आहे ते संसदेच्या दारातील आर्जव आहे. त्यावर दादांनी वाणसामानाचा हिशेब बांधू नये.

नुकसान किती हे आकड्यांतच पाहावे. एप्रिल २०१६ मध्ये नवे पूर्ण पेन्शन आठवड्याला १५५.६५ पौंड होते. महागाई, सरासरी वेतनवाढ किंवा अडीच टक्के यांपैकी जे अधिक असेल तेवढी वाढ दरवर्षी देण्याच्या धोरणामुळे ते २०२५-२६ मध्ये २३०.२५ पौंडांवर पोहोचले. दादांचे पेन्शन पूर्ण दराचे असेल, तर ते आजही १५५.६५ पौंडच आहे आणि महिन्याला सव्वातीनशे पौंडांच्या आसपास रक्कम त्यांच्या हाती येत नाही. त्यात विनिमय दराची भर पडते. २००६ च्या सुमारास एका पौंडाला सत्तरच्या आसपास बाथ मिळत. अलीकडच्या काळात हा दर पंचेचाळीसच्या आगेमागे राहिला आहे. वीस वर्षांपूर्वी तेथे गेलेली ब्रिटिश मंडळी 'पूर्वी किती स्वस्ताई होती' असे हळहळून सांगतात, तेव्हा त्यांना थाई दुकानदाराने फसवलेले नसते. त्यांच्या पौंडानेच दगा दिलेला असतो.

दोन गोष्टी मात्र दादांच्या उपयोगाच्या आहेत. ते काही आठवड्यांसाठी इंग्लंडला गेले आणि पेन्शन खात्याला तसे कळवले, तर तेथील मुक्कामापुरते पेन्शन चालू दराने मिळू शकते. परतल्यावर ते पुन्हा जुन्या आकड्यावर येते. कायमचे परत गेल्यास चालू दर कायम लागू होतो. दुसरी गोष्ट म्हणजे परदेशातील पेन्शनधारकांना खाते अधूनमधून हयातीचा दाखला पाठवते. तो भरून, साक्षीदाराच्या सहीनिशी वेळेत परत गेला नाही तर पेन्शन थांबवले जाते. हुआ हिनच्या टपालावर फार विसंबू नये व पत्ता बदलल्यास तत्काळ कळवावे.

नागपूरला आल्याने वाढ मिळणार नाही, कारण भारतही न वाढणाऱ्यांच्याच यादीत आहे. तरीही तुलना पेन्शनवरच संपत नाही. दादांकडे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते कार्ड, असेल तर त्यांना येथे दरवर्षी मुदतवाढ मागावी लागणार नाही, पोलीस ठाण्यात किंवा परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात हजेरी लावावी लागणार नाही, आणि शेतजमीन वगळता घर किंवा फ्लॅट स्वतःच्या नावावर घेता येईल. पुढील पत्रांतील उत्तरे वाचल्यावर या सवलतींचे मोल ध्यानात येईल.

प्रश्न : माझा मामेभाऊ ६१ वर्षांचा असून लेस्टरमधील घर विकून पुढील वर्षी चियांग माईला कायमचे जाण्याच्या विचारात आहे. त्याला किती पैसा दाखवावा लागेल, आणि काही वर्षांनी तेथील कायमचे रहिवासीपण मिळेल काय? — एक वाचिका, मनीषनगर

उत्तर : 'कायमचे' हा शब्द त्याने आधी बाजूला ठेवावा. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी व्यक्तीस निवृत्त म्हणून राहण्याची जी परवानगी मिळते ती एका वर्षाची असते, दरवर्षी वाढवून घ्यावी लागते, आणि वयाच्या ८५ व्या वर्षीही ती तशीच वाढवून घ्यावी लागते. घरमालक सज्जन, भाडे वाजवी, परंतु करार दरवेळी अकरा महिन्यांचाच, असा हा मुक्काम आहे. थायलंड प्रत्येक देशाच्या नागरिकांना वर्षाला १०० पर्यंत कायम रहिवासी परवाने देते. पण निवृत्तीच्या मुदतवाढीवर घालवलेली वर्षे त्यासाठी धरली जात नाहीत. ती वाट नोकरी, गुंतवणूक किंवा कुटुंब या कारणांनी राहणाऱ्यांसाठी आहे.

पैशाची अट अशी : थाई बँकेतील खात्यात ८ लाख बाथ, किंवा दरमहा ६५,००० बाथ उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाला ८ लाखांची बेरीज. खात्यातील रक्कम मुदतवाढीच्या अर्जापूर्वी दोन महिने असावी लागते, परवानगी मिळाल्यावर आणखी तीन महिने हलवता येत नाही, आणि उरलेल्या काळातही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नसते. म्हणजे हा पैसा त्याचा असला तरी खर्चाचा नसतो. पूर्वी ब्रिटिश दूतावास उत्पन्नाचे पत्र देत असे व त्यावर काम भागत असे. २०१९ च्या आरंभापासून ती पत्रे बंद झाली. आता मासिक उत्पन्नाच्या मार्गाने जायचे तर परदेशातून दरमहा ६५,००० बाथ प्रत्यक्ष थाई खात्यात आल्याचे बँकेच्या नोंदीवरून दाखवावे लागते. ब्रिटनचे पूर्ण सरकारी पेन्शन महिन्याला हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण ४५,००० बाथ होते. तेवढ्याने ही अट पुरी होत नाही. शिवाय आपल्या भावाच्या वयाच्या लोकांसाठी पेन्शनचे वय ६७ आहे. तोवरची वर्षे घराच्या विक्रीवर काढायची असतील, तर ती रक्कम त्याने या हिशेबात बसवून पाहावी.

वार्षिक मुदतवाढीचे शुल्क १,९०० बाथ आहे. ते किरकोळ आहे. वेळ जातो तो इतर कागदांत. देशात सलग राहणाऱ्या परदेशी व्यक्तीने दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवायचा असतो. हे बहुधा ऑनलाइन होते, पण चुकल्यास २,००० बाथ दंड बसतो. परदेशी व्यक्ती घरी राहावयास आल्याची खबर घरमालकाने २४ तासांत द्यायची असते. ती त्याने दिली नाही, तर मुदतवाढीच्या वेळी खिडकीवर अडतो तो भाडेकरू. म्हणून घर पसंत करण्यापूर्वी मालक ही नोंद करतो काय, असे विचारावे. देशाबाहेर जाण्यापूर्वी पुनर्प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो. एकवारीचा १,००० आणि अनेकवारीचा ३,८०० बाथ. तो न घेता भाचीच्या लग्नाला नागपूरला येऊन गेलेला माणूस बँकॉकच्या विमानतळावर परततो तेव्हा त्याची वर्षाची परवानगी रद्द झालेली असते, व सारे पहिल्यापासून करावे लागते. असे प्रसंग मी पाहिलेले आहेत आणि त्यांत उपाय नसतो.

अधिक श्रीमंतांसाठी २०२२ पासून दहा वर्षांचा दीर्घकालीन व्हिसा आहे. त्यातील निवृत्तांच्या वर्गासाठी वर्षाला ८०,००० डॉलरच्या घरातील उत्पन्न अपेक्षिले जाते. लेस्टरचे घर विकून जाणाऱ्याचा तो मार्ग नव्हे.

माझे मत विचारावयाचे तर त्याने घर विकू नये, भाड्याने द्यावे व चियांग माईला एक वर्ष राहून पाहावे. त्या वर्षात फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने आलेच पाहिजेत. त्या काळात उत्तरेकडील डोंगरांत जंगल व शेतातील काड जळते, दरीत वसलेल्या शहरावर धूर साचतो, आणि डिसेंबरातील सुखद हवा पाहून भाळलेली मंडळी दमा घेऊन समुद्रकिनारी पळतात. आणखी एक : निवृत्तीच्या परवानगीवर कोणतेही काम करता येत नाही. शेजारच्या शाळेत फुकट इंग्रजी शिकवणे हेही तेथे कामच समजले जाते व त्यासाठी परवाना लागतो.

प्रश्न : माझे वर्गमित्र मँचेस्टरहून निवृत्त होऊन पट्टायाजवळ राहतात. दर वेळी फोनवर 'मजेत आहे' एवढेच सांगतात. ही माणसे तेथे दिवसभर करतात तरी काय? — एक निवृत्त शिक्षक, सदर

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत आवडला. सकाळी ऊन चढण्यापूर्वी फिरणे होते. आठ वाजता सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागले की सारे जागच्या जागी उभे राहतात, ब्रिटिश मंडळीही उभी राहतात. मग न्याहारी : काहींची तांदळाची गरम पेज आणि त्यात आले व अंडे, बहुतेकांची मात्र टोस्ट आणि दुधाचा चहा, आणि त्यासाठी लागणारा चहा परदेशी मालाच्या दुकानातून चढ्या भावाने आणलेला. गल्लीला तेथे 'सोई' म्हणतात. तिच्या तोंडाशी बहुधा सेव्हन-इलेव्हन असते आणि विजेचे बिल त्याच दुकानात भरता येते. फुटपाथवरची भाजीवालीही क्यूआर पाटी ठेवते; पण त्यासाठी थाई बँकेचे खाते लागते, आणि ते उघडणे हा नवागत माणसाचा पहिला पराक्रम असतो.

दुपार घरात जाते. मे महिन्यात नागपुरात ४५ अंश सोसलेल्या माणसाला तेथील एप्रिल आकड्यांत फिका वाटेल, पण दमटपणामुळे कूलरचा उपयोग होत नाही आणि एसीला पर्याय राहत नाही. येथे एक बारकावा आहे. वीज सरकारी दराने आहे की मालक स्वतःच्या दराने प्रत्येक युनिट विकतो, हे भाडेकरारापूर्वी विचारावे. भाड्यात वाचवलेले पैसे विजेत जाताना मी अनेकदा पाहिले आहेत.

संध्याकाळ हा अवघड भाग आहे. पट्टायासारख्या गावात ब्रिटिशांसाठी पब आहेत, रविवारचे भाजलेले मांस व बटाटे आहेत, आणि इंग्लंडमध्ये दुपारी तीनला सुरू होणारा फुटबॉलचा सामना हिवाळ्यात तेथे रात्री दहाला दिसतो. तोवरचा वेळ बिअरच्या सोबतीने काढण्याची सवय लागते, आणि तिकडे ती कोणी वाईट मानत नाही. त्याच टेबलावर तीच माणसे, व्हिसाचे तेच नियम आणि पौंडाचा तोच दर, एवढ्यावर वर्षे निघून जातात. याउलट थाई शिकलेल्या ब्रिटिशांचा दिवस भरलेला असतो, असे मला नेहमी दिसले. ती भाषा अवघड आहे, कारण एकच अक्षरसमूह पाच वेगवेगळ्या सुरांत पाच अर्थ देतो. तरी बाजारहाटापुरती ती वर्षभरात येते. लिपी शिकलेला माणूस तर औषधाची चिठ्ठी आणि विजेचे बिल स्वतः वाचतो, त्यासाठी कोणाची मनधरणी करत नाही. ईशान्येकडील ईसान भागात, बायकोच्या गावी राहणाऱ्यांचे जग आणखी निराळे असते. तेथे पहाटे कोंबडे व गावचा ध्वनिक्षेपक उठवतो, भाताच्या लावणीला साऱ्या घराला शेतात जावे लागते, आणि पाहुणे हे फोन न करता येण्यासाठीच असतात. नागपूरच्या मोहल्ल्यात वाढलेल्याला यात काही नवल वाटणार नाही, मँचेस्टरमध्ये वाढलेल्याला फार वाटते.

आपल्या मित्रांना 'मजेत आहे' यापुढे बोलते करायचे असेल, तर त्यांना थाई किती येते हे विचारून पाहावे.

प्रश्न : माझे काका ब्रिटिश नागरिक आहेत. त्यांनी थाई महिलेशी विवाह करून खोन केनजवळ जमीन घेतली व घर बांधले. पैसा सर्व काकांचा आहे. ही मालमत्ता कोणाच्या नावावर असते? पुढेमागे आम्हा पुतण्यांचा त्यात हक्क राहील काय? — एक वाचक, महाल

उत्तर : जमीन काकूंच्या नावावर आहे व ती काकूंचीच आहे. १९५४ च्या जमीनविषयक कायद्यानुसार सर्वसाधारण परदेशी व्यक्तीला तेथे जमिनीची मालकी घेता येत नाही. थाई जोडीदाराच्या नावे जमीन घेताना, हा पैसा तिचा स्वतःचा असून परदेशी पतीचा त्यावर हक्क नाही, असे निवेदन जमीन कार्यालयात दोघांच्याही सहीने द्यावे लागते. काकांनीही ते दिलेले असणार. काकूंचे आधी निधन झाल्यास ती जमीन काकांना स्वतःकडे ठेवता येणार नाही. वारसा मिळाला तरी ती ठरावीक मुदतीत विकावी लागते.

काकांना स्वतःचे संरक्षण करायचे असेल तर दोन मार्ग आहेत. एक, जमीन कार्यालयात नोंदवलेला तीस वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा. तीन वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदवला नाही तर तो तीन वर्षांपुरताच चालतो. दुसरा, त्याच कार्यालयात जमिनीच्या हक्कपत्रावर चढवलेला आजीवन उपभोगाचा हक्क. घराची इमारत मात्र जमिनीपासून वेगळी धरून परदेशी व्यक्तीच्या नावे असू शकते, जर बांधकामाची परवानगी तिच्या नावाने घेतलेली असेल. नामधारी थाई भागधारक उभे करून कंपनीच्या नावाने जमीन घेण्याचा सल्ला काही दलाल देतात. तो बेकायदा आहे. शहरातील फ्लॅटचे वेगळे आहे. इमारतीतील एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतचे फ्लॅट परदेशी मालकांना घेता येतात. त्यासाठी रक्कम परदेशी चलनातून आल्याचा बँकेचा कागद जपून ठेवावा लागतो, कारण पुढे विकून पैसे बाहेर नेताना तोच कागद मागतात.

पुतण्यांच्या हक्काविषयी विचारले आहे म्हणून सांगतो : खोन केनच्या त्या जमिनीत आपला हक्क नाही. काकांची सेवा करणाऱ्या काकूंना ती राहावी यात मला अन्यायही दिसत नाही.

प्रश्न : माझे दीर, वय ६८, ब्रिटिश नागरिक, पट्टाया येथे भाड्याच्या स्कूटरवरून पडले व मांडीचे हाड मोडले. रुग्णालयाने आधी मोठी अनामत मागितली, आणि विमा कंपनीने दावा नाकारला. इंग्लंडची आरोग्य सेवा हा खर्च देणार नाही काय? — एक वाचिका, प्रतापनगर

उत्तर : देणार नाही. आयुष्यभर कर भरला असला तरी ब्रिटनची आरोग्य सेवा त्या देशात राहणाऱ्यांसाठी आहे, आणि थायलंडशी परस्पर उपचारांचा करार नाही. दीर कायमचे परत गेले तर तेथे उतरल्या दिवसापासून त्यांना ती पुन्हा मिळू लागेल, परंतु मोडलेले हाड तेवढी वाट पाहू शकत नाही. खाजगी रुग्णालयांत अनामत मागणे ही तेथील सर्वसाधारण पद्धत आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात परदेशी रुग्णालाही पैसे पडतात, पण बरेच कमी, आणि अस्थिभंगाच्या उपचारांचा तेथील डॉक्टरांना भरपूर सराव असतो. याचे कारण दुःखद आहे, कारण थायलंडमधील रस्ते अपघातांतील मृत्यूंत दुचाकीस्वारांचाच वाटा सर्वांत मोठा आहे.

विम्याचा दावा बहुधा परवान्यामुळे नाकारला गेला असावा. ब्रिटिश मोटारीचा परवाना म्हणजे मोटारसायकलचा परवाना नव्हे, आणि थायलंडातही हे दोन परवाने वेगळे आहेत. स्कूटर भाड्याने देणारा दुकानदार परवाना विचारत नाही. विमा कंपनी अपघातानंतर विचारते. नकाराचे पत्र लेखी मागवून त्यात कोणते कलम लावले आहे ते पाहावे. दरम्यान एक गोष्ट करता येईल. तेथील प्रत्येक वाहनाला सक्तीचा विमा असतो आणि त्यातून दोष कोणाचा हे न पाहता जखमीच्या उपचारांसाठी सुरुवातीस ३०,००० बाथपर्यंत रक्कम मिळते. स्कूटरच्या मालकाकडून त्या विम्याचा कागद व पोलिसांकडून अपघाताची नोंद लगेच मिळवावी. या रकमेत शस्त्रक्रिया होणार नाही, पण ती सोडूनही देऊ नये.

इतर वाचकांसाठी एवढेच, की सत्तरीनंतर नवा आरोग्य विमा मिळणे फार कठीण होते व मिळालाच तर जुने आजार त्यातून वगळलेले असतात. जायचे ठरवणाऱ्याने साठीतच विमा घ्यावा आणि तो खंडित होऊ देऊ नये.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी ब्रिटिश नागरिक असलेल्या मेव्हण्यांकडे महिनाभर राहावयास जाणार आहोत. आम्ही दीक्षाभूमीला व कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला नेहमी जातो, त्यामुळे बौद्ध रीती ठाऊक आहेत. तरीही मेव्हणे 'जपून वागा' असे वारंवार का बजावतात? — एक वाचक, कामठी

उत्तर : मेव्हणे योग्य सांगतात. विहारात गुडघे व खांदे झाकलेले असावेत, पादत्राणे बाहेर काढावीत, बसताना पाय मूर्तीकडे किंवा कोणाकडे रोखू नयेत, आणि लाडानेही दुसऱ्याच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवू नये. आपल्या पत्नींनी विशेष लक्षात ठेवावे, की स्त्रीने भिक्खूंना स्पर्श करायचा नसतो व वस्तूही थेट हातात द्यायची नसते. पुढे पसरलेल्या वस्त्रावर किंवा पात्रात ठेवायची असते. हात जोडून केलेल्या नमस्काराला 'वाय' म्हणतात. तो आधी लहानाने मोठ्याला करायचा असतो, म्हणून दुकानातील पोराला आपण आधी केला तर ते बिचारे अवघडते.

राजघराण्याविषयी चेष्टेनेही काही बोलू अगर लिहू नये. तेथील दंडसंहितेच्या ११२ व्या कलमाखाली प्रत्येक गुन्ह्यास ३ ते १५ वर्षांची कैद आहे. विजेवर चालणाऱ्या सिगारेटी इंग्लंडमध्ये सर्रास चालतात, थायलंडात त्यांवर बंदी आहे. मेव्हण्यांच्या इंग्लंडहून येणाऱ्या मित्रांना हे माहीत नसते. मेव्हण्यांच्या घरातील सरकारी कागदांवर २५६० च्या पुढची साले पाहून गोंधळू नये, कारण तेथे बुद्धसंवत् चालतो व तो इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे असतो. त्यांची गणना आपल्याकडच्या गणनेहून एका वर्षाने मागे आहे. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला तेव्हा भारतात २५०० वे वर्ष साजरे होत होते, थायलंडाने ते १९५७ मध्ये साजरे केले.

प्रश्न : इंग्लंडमधील पेन्शन थायलंडात मागवल्यास तेथे कर लागतो काय? — एक वाचक, लक्ष्मीनगर

उत्तर : वर्षात १८० किंवा अधिक दिवस थायलंडात राहणारा तेथील कर-रहिवासी ठरतो. १ जानेवारी २०२४ पासून अशा व्यक्तीने देशात आणलेले परदेशी उत्पन्न, ते कोणत्या वर्षी आणले याचा विचार न करता, करपात्र धरले जाते. २०२४ पूर्वी मिळवलेली बचत यातून वगळली आहे, म्हणून त्या तारखेचा बँकेचा उतारा सांभाळून ठेवावा. वयाची ६५ वर्षे पुरी झालेल्यास १,९०,००० बाथची सूट आहे, निव्वळ उत्पन्नातील पहिल्या १,५०,००० बाथवर कर नाही, आणि वैयक्तिक वजावट निराळी मिळते. त्यामुळे केवळ सरकारी पेन्शन मागवणाऱ्याला फारसा कर पडत नाही. विवरणपत्र मार्चअखेर भरायचे असते. ब्रिटनमध्ये कापला गेलेला कर दोन्ही देशांमधील १९८१ च्या करविषयक करारानुसार कसा वजा होतो हे पेन्शनच्या प्रकारावर अवलंबून आहे. तेवढे काम तेथील कर सल्लागाराकडून करून घ्यावे.

प्रश्न : माझे काका ८१ वर्षांचे असून चियांग राय येथे एकटे राहतात. विवाह केलेला नाही. जवळचे नातलग आम्हीच. विचारणे बरे वाटत नाही, परंतु त्यांचे काही बरेवाईट झाल्यास आम्ही काय करावे? — एक वाचिका, नंदनवन

उत्तर : विचारलेत हे बरे केले, आणि हेच काकांनाही विचारावे, त्यांनी याचा विचार केलेला नसेल असे समजू नये. मृत्यूची नोंद तेथील जिल्हा कार्यालयात, ज्याला 'अम्फो' म्हणतात, होते व दाखला थाई भाषेत मिळतो. ब्रिटिश दूतावास नातलगांना कळवतो, पार्थिव ताब्यात घेण्यासाठी लागणारे पत्र देतो, पण खर्च देत नाही. पार्थिव देशाबाहेर आणणे फार महाग पडते. बहुतेक एकट्या परदेशी वृद्धांचे दहन गावच्या विहारातच होते, आणि भिक्खू व शेजारी ते मनापासून करतात. अस्थी नागपूरला आणायच्या झाल्यास मृत्यूचा व दहनाचा, असे दोन्ही दाखले भाषांतरासह सोबत ठेवावेत.

खरी अडचण बँकेची आहे. व्हिसासाठी ठेवलेली ती ८ लाखांची रक्कम काकांच्या एकट्याच्या नावावर असते, आणि न्यायालयाने व्यवस्थापक नेमल्याशिवाय बँक ती कोणाला देत नाही. म्हणून काकांनी थायलंडमधील मालमत्तेपुरते वेगळे मृत्युपत्र तेथेच करावे, त्यात व्यवस्थापकाचे नाव द्यावे, आणि दोन साक्षीदारांच्या एकत्र उपस्थितीत सही करावी. ज्याला काही मिळणार आहे तो स्वतः किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार असू नये. इंग्लंडमध्ये केलेले मृत्युपत्र असेल तर ते वकिलाकडून पुन्हा वाचून घ्यावे. 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे त्यातील नेहमीचे वाक्य नंतर केलेल्या कागदात शिरले की थाई मृत्युपत्रही रद्द होते.

आपण नागपुरात एक पाकीट तयार ठेवावे : काकांच्या पासपोर्टाची व ओसीआय कार्डाची प्रत, थाई मृत्युपत्राची प्रत, बँकेच्या शाखेचे नाव, ब्रिटिश पेन्शनचा क्रमांक, घरमालकाचा व एका शेजाऱ्याचा फोन क्रमांक. शेजारी थाई बोलणारा असावा. पेन्शन खात्याला मृत्यूची खबर लवकर द्यावी, कारण नंतर जमा झालेले हप्ते ते परत मागतात.